पाच मिनिटांच्या आतला माणूस

मॉसी हॅनरॅटी भेटल्याबरोबर निरोप घ्यायचा.

पहिल्यांदा तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बुटका, लालबुंद चेहऱ्याचा, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. त्यानं माझा हात धरून जोरजोरात हलवला आणि म्हणाला, “बरं मग, बाय. बाय, बाय, बाय नाऊ.” पत्ता चुकला असेल असं समजून मी दार लोटायला लागले, तर हा आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला आणि पाऊण तास बोलला. बोलणं संपल्यावर उठला आणि चकार शब्द न काढता चालता झाला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस येऊन गेला, पण त्याची फिल्म उलटी लावलेली आहे.

ड्रायव्हिंग तो पोटासाठी शिकवायचा. खरा तो बॅलीनारा गावच्या फायर स्टेशनचा प्रमुख. म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे असला प्रकार नाही. आयर्लंडच्या खेड्यांतले बंबवाले स्टेशनात बसून नसतात. कोणी खाटीक असतो, कोणी गॅरेजवाला, कोणी शाळेचा शिपाई. प्रत्येकाच्या कमरेला पेजर. तो वाजला की हातातलं काम टाकायचं आणि पाच मिनिटांच्या आत स्टेशनात हजर व्हायचं. त्यामुळे घर पाच मिनिटांच्या आत, धंदा पाच मिनिटांच्या आत, आणि शक्यतो प्रेमातही तेवढ्याच अंतरात पडायचं. मॉसी तेव्हा सव्वीस वर्षं असा जगत आला होता. आपलं बोलणं कुठेही तुटू शकतं हे त्यानं मान्य केलं होतं, पण निरोप न घेता जाणं हे त्याच्या आईच्या वळणात बसत नव्हतं. म्हणून तो निरोप आधी उरकून घ्यायचा.

त्याचं सगळंच असं आधी उरकलेलं असायचं. गाडी कुठेही लावली तरी तोंड रस्त्याकडे, अगदी मयताला गेला तरी. चर्चमध्ये शेवटचा बाक, दाराशेजारचा. बुटांना नाडी नाही. चहा थर्मासच्या झाकणात, कारण तो पुन्हा थर्मासात ओतता येतो. हॉटेलात गेला तर काय तयार आहे ते विचारायचा आणि तेच खायचा. अंतर तो किलोमीटरमध्ये मोजत नसे. शाळा दीड मिनिट, माझं घर चार मिनिटं. जवळचं शहर ड्रोहेडा अठरा मिनिटं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते ऑस्ट्रेलियाच्या जवळपास कुठेतरी. आगीला किंवा अपघाताला बंबातून तो लांब जायचाच, पण कामाला जाणं म्हणजे कुठे जाणं नव्हे असं त्याचं म्हणणं होतं. रजा मिळायची, नाही असं नाही. पण माणसं नेहमीच कमी. पाच माणसं जमली नाहीत तर बंब हलत नाही, असा नियम. म्हणून मॉसी स्वतःची रजा लहान मुलं असलेल्या पोरांना देऊन टाकायचा.

मी २०१५ मध्ये नागपूरहून इथे आले ते ड्रोहेड्याजवळच्या एका कारखान्यात, हृदयात घालायच्या नळ्या तपासायला. नवरा राजधानीत, सँडीफोर्डला सॉफ्टवेअरमध्ये, आठवडाभर तिकडेच राहायचा. बॅलीनाऱ्यात बस दिवसाला दोन, त्यातली एक यायची. गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि आपलं लायसन्स इथे फार दिवस चालत नाही. अकरा वर्षं मी वर्धा रोडला गाडी चालवली होती, गाई, ऑटो आणि वराती चुकवत. तरी मला बारा धडे सक्तीनं घ्यावे लागले. मला अपमान वाटला आणि तो मी मॉसीला बोलून दाखवला. “वरात कधी रस्त्यावर आलीच तर तू शिकव मला,” तो म्हणाला.

पहिल्या धड्याला पंधरा मिनिटं झाली आणि त्याच्या कमरेला पेजर किंचाळला. मला वाटलं, आता हा उतरून पळेल. त्यानं पट्टा घट्ट केला, हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, “पुढे डावीकडे, मग उजवीकडे. सावकाश, पण आत्ताच.”

हे त्याचं ब्रीदवाक्य. सावकाश, पण आत्ताच. मी नागपूरकर असल्यामुळे त्यातला दुसरा भाग मला चांगला जमला. स्टेशनच्या आवारात ब्रेक मारला तेव्हा रस्त्याच्या पलीकडून डेक्लन खाटीक ॲप्रनसकट धावत येत होता, आणि मॉसी दार उघडून नाहीसा झालेला होता. दोन मिनिटांत बंब निघून गेला. मी लर्नर असल्यामुळे एकटीनं गाडी चालवायची सोय नाही, त्यामुळे आवारातच बसून राहिले. एवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, शिडशिडीत बाई कोटाची बटणं लावत आली आणि शेजारच्या सीटवर बसली. “मी फिल,” ती म्हणाली, “याची बायको. माझ्याकडे जुनं लायसन्स आहे. चल, उरलेला धडा मी घेते. दर वेळी मलाच घ्यावा लागतो.”

बारापैकी चार धडे मी अशा रीतीनं फिलकडे शिकले. ती ब्रेकवर पाय ठेवत नसे आणि रस्त्याकडे पाहतही नसे. तिच्या डाव्या हाताला कोपराच्या आत कायम पट्टी असायची. किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार ड्रोहेड्याला डायलिसिस. गावागावांतून पेशंट गोळा करणारी एक मिनीबस तिला न्यायची. नवरा अख्ख्या गावाला गाडी शिकवणारा, पण त्यानं तिला एकदाही तिथे नेलं नव्हतं, कारण अठरा मिनिटं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे, घड्याळ पुढे आहे म्हणावं तसं सांगायची. तिची इच्छा एकच होती. समुद्र बारा मिनिटांवर होता. मॉसीला पेजर मिळाल्यापासून दोघं मिळून तिथे गेली नव्हती. एकदा त्याच्याबरोबर वाळूवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, आणि तो परत थर्मासात न ओतता संपवायचा.

आता राउंडअबाउटबद्दल, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायच्या चौकाबद्दल. परीक्षेत राउंडअबाउट हमखास येतो, आणि सगळ्यात जवळचा राउंडअबाउट होता नऊ मिनिटांवर, म्हणजे मॉसीच्या जगाच्या बाहेर. म्हणून तो राउंडअबाउट शिकवायचा चर्चच्या आवारात, मेरीमातेच्या पुतळ्याभोवती. फाटकातून आत शिरायचं, उजवीकडून येणाऱ्या काल्पनिक गाडीला वाट द्यायची, मातेला उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, डावा सिग्नल द्यायचा, बाहेर. मला यात काहीच अवघड वाटलं नाही. प्रदक्षिणा घालायची आम्हांला लहानपणापासूनची सवय.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकानं राउंडअबाउट दाखवून सांगितलं, सरळ पुढे जा. मी वेग कमी केला, वाट दिली, सुरेख वळसा घातला, अचूक वेळी सिग्नल दिला आणि आल्या रस्त्यानं परत निघाले. परीक्षकानं एक सुस्कारा सोडला. “बॅलीनारा का?” त्यानं विचारलं.

चर्चच्या आवाराला फाटक एकच होतं. मॉसीचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या परीक्षेत राउंडअबाउटवरून घरी परत यायचा. डेक्लन आला होता, डेक्लनची बहीण आली होती, शाळेच्या मास्तरीणबाई दोनदा आल्या होत्या. मी मॉसीला जाब विचारला तर तो मुळीच ओशाळला नाही. “सिग्नल बरोबर दिलास ना? मग ग्रँड, झकास. बाहेर कुठे पडायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.”

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. कारखाना ड्रोहेड्याच्या वाटेवरच, त्यामुळे शुक्रवारी फिलला मी सोडायला लागले. बदल्यात मॉसी माझ्या घरचा धुराचा अलार्म तपासायला यायचा. फोडणीचा वास लागला की तपासणी लांबायची. दारातच तो बाय म्हणून टाकायचा आणि मग दोन पोळ्या खायचा.

२०१८ च्या मार्चच्या सुरुवातीला बर्फ पडला. आयर्लंडमध्ये थंडी असते, पाऊस असतो, वारा तर विचारू नका. पण बर्फ पडला की देश गोंधळतो. रेड वॉर्निंग आली आणि दुकानांतून पाव नाहीसा झाला, जणू बर्फ पावाबरोबरच खायचा असतो. माझ्या घरी दहा किलो कणीक होती, त्यामुळे मी निवांत. नवरा सँडीफोर्डला अडकला होता आणि दर तासाला फोन करून ट्राम बंद असल्याची बातमी देत होता. बुधवारी सुरू झालेला बर्फ गुरुवारी वाऱ्यानं कुंपणांपर्यंत रचून ठेवला. मॉसी आणि त्याची माणसं तीन दिवस घरी गेली नाहीत. कुणाला औषध, कुणाला ऑक्सिजनचं सिलिंडर, कुणाच्या दारातला बर्फ उपसायचा. टेकडीवरच्या पॅकी डफीला रोज कोळसा. हा पॅकी ऐंशीच्या पुढचा, पायांनी अधू, एकटा एका कुत्र्याबरोबर राहणारा, आणि मदतीला आलेल्या माणसाला शिव्या दिल्याशिवाय आत न घेणारा.

शुक्रवारी सकाळी मी तीस पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन चालत स्टेशनात गेले. आठपैकी पाचच जण पोचू शकले होते, म्हणजे बंब हलेल इतकेच. फिल किटलीपाशी बसली होती. तिचा चेहरा सुजला होता आणि दोन शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं. बुधवारची मिनीबस आलीच नव्हती. आज डायलिसिस झालं नाही तर काही खरं नाही, असं ड्रोहेड्याच्या नर्सनं फोनवर सांगितलं होतं. आजही मिनीबस येणार नव्हती.

भिंतीवरच्या फळ्यावर मॉसीच्या अक्षरात दिवसाच्या कामांची यादी होती. अकरा नावं. त्यात तिचं नाव नव्हतं. मॉसी यादीकडे पाहत उभा होता आणि त्याचा चेहरा मला बघवेना.

“एक नाव राहिलंय,” डेक्लन म्हणाला. त्यानं खडू घेतला आणि सगळ्यात वर फिलचं नाव लिहिलं.

“ती घरची आहे,” मॉसी म्हणाला.

“म्हणून यादीतून वगळायची?”

“मी इथेच बसले आहे, बरं का,” फिल किटलीमागून म्हणाली.

मग शेजारच्या शेमस शेतकऱ्याला त्याचा बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. पुढे ट्रॅक्टर, मागे बंब असं निघायचं ठरलं. तिथे फिलबरोबर कुणीतरी राहायला हवं होतं, म्हणून मीही बंबात चढले. चढण्याआधी मॉसीनं फिलचा हात हातात घेतला आणि नियमानुसार म्हणाला, “बाय, बाय, बाय नाऊ.” दोघं एकाच गाडीत बसणार होती, पण पद्धत म्हणजे पद्धत.

नऊ मिनिटांच्या रस्त्याला आम्हांला सव्वा तास लागला. बंब डेक्लन चालवत होता. मॉसी शेजारी बसून सूचना देत होता, जन्माची खोड. “पुढे राउंडअबाउट आहे. वेग कमी कर. सरळ पुढे जायचंय.”

“मॉसी, मला राउंडअबाउट दिसत नाहीये.”

“दिसत नसला तरी सिग्नल दे.”

डेक्लननं त्या पांढऱ्या माळरानात सिग्नल दिला. तेवढ्यात बंबानं एक उसळी घेतली आणि आम्ही थांबलो. शेमसनं ट्रॅक्टर नाकासमोर चालवला होता आणि आम्ही त्याच्या मागोमाग राउंडअबाउटच्या बरोबर डोक्यावर, नगरपालिकेच्या फुलांच्या ताटव्यात उभे होतो. फिल इतकी हसली की तिला धाप लागली. “पंचवीस-तीस वर्षं शिकवतोय,” ती म्हणाली, “आणि स्वतः गेला तो वरूनच.”

हसणं ओसरतंय तोच वायरलेस खरखरला. पॅकी डफीच्या धुराड्यानं पेट घेतला होता. छप्पर अजून पेटलेलं नव्हतं. दुसरं कुठलंच स्टेशन टेकडीपर्यंत पोचू शकणार नव्हतं. मागचा रस्ता आम्हीच उपसून ठेवलेला, वीस मिनिटांचं काम. ड्रोहेडा पुढे होता आणि तिकडचा रस्ता अजून गाडलेला.

बंबात पाच माणसं होती. त्यातलं एक जरी फिलबरोबर पुढे गेलं असतं तरी बंबाला काम करता आलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही मॉसीकडे पाहत नव्हतं. मी पाहिलं. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता तरी या माणसानं तो पेजर खिडकीतून फेकून द्यावा.

फिलनं माझा हात धरला आणि उठली. “पॅकीजवळ कुणी नाहीये,” ती म्हणाली. “माझ्याजवळ ही आहे. शेमस आहे. जा तू.”

मॉसी खाली उतरला. तिला हात देऊन त्यानं ट्रॅक्टरपर्यंत नेलं, शेमसच्या शेजारच्या तुटक्या सीटवर बसवलं आणि तिच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. एक बटण चुकलं, म्हणून सगळी सोडून पुन्हा लावली. निरोप तर तासाभरापूर्वीच घेऊन झाला होता. तरीही तो तिथे उभाच राहिला आणि मग म्हणाला, “बाय.” थोडा थांबून, “बाय, बाय नाऊ.” एका माणसाला एका भेटीत त्यानं दोनदा निरोप दिलेला मी तेव्हाच पाहिला.

मग बंब त्या न दिसणाऱ्या राउंडअबाउटला वळसा घालून आल्या वाटेनं परत गेला. सिग्नल देऊन.

आम्ही दीड तासानं पोचलो. फिल शेमसशेजारी, मी मागे गुरांच्या चाऱ्याच्या खोक्यात उभी, नाक गोठलेलं. नर्स दारातच थांबली होती. मशीन लागलं, तासाभरात फिलच्या चेहऱ्यावर रंग आला आणि पहिली गोष्ट तिनं केली ती म्हणजे घरी फोन. तिनं आधी पॅकीची चौकशी केली. पॅकीला दार उचकटून बाहेर काढलं होतं, कुत्र्यासकट. घर वाचलं होतं. पॅकी आता फिलच्याच स्वयंपाकघरात बसून सूपमध्ये मीठ कमी असल्याचं सांगत होता. मग मॉसी काहीतरी बराच वेळ बोलला आणि तिनं फोन ठेवला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“शेमसनं पुढच्या राउंडअबाउटला सिग्नल दिला का, ते विचारत होता,” फिल म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, “रडत होता.”

माझा राग तिथेच गेला. पुढे बर्फ वितळल्यावर राउंडअबाउटच्या ताटव्यात चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या दिसायला लागल्या. मॉसी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. डेक्लन मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

पंचावन्नाव्या वर्षी या लोकांना निवृत्त व्हावं लागतं. मॉसीचं पंचावन्नावं २०१९ च्या मे महिन्यात आलं. स्टेशनात समारंभ झाला, केक होता, मी शंकरपाळे नेले होते. मॉसीनं पेजर डेक्लनच्या हातात दिला. मग तो एकेकाशी बोलत फिरला आणि सगळं झाल्यावर, दारात पोचल्यावर, इतर माणसांसारखा शेवटी बाय म्हणाला. पॅकी म्हणाला की आता हा फार दिवस जगणार नाही.

पुढचे काही आठवडे त्याचे हाल पाहवत नव्हते. हात सारखा कमरेला जायचा. गाडी अजून तोंड रस्त्याकडे करूनच लावायचा. फिलला तो आता डायलिसिसला नेऊ शकत होता आणि नेतही होता, पण तिथून थेट घरी. समुद्राचं काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाला, “सावकाश.” पुढचा अर्धा भाग आला नाही. फिलनं माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

ऑगस्टमध्ये आम्ही बॅलीनारा सोडलं. रविवार होता, लख्ख ऊन. मी गाडी चालवत होते, मांडीवर मिक्सर घेतलेला नवरा शेजारी, मागे सगळा संसार. राउंडअबाउटपाशी वाट द्यायला थांबले, तर समोरून मॉसीची छोटी गाडी आली. छपरावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काढलेली. शेजारी फिल, तिच्या मांडीवर थर्मास. मॉसीनं मला पाहिलं, हात हलवला आणि माझ्यासमोरून वळसा घालून गेला. मग पुन्हा आला. पुन्हा हात हलवला. तिसऱ्यांदाही तेच.

“तुझा गुरुजी अडकलाय वाटतं,” नवरा म्हणाला.

मागे गाड्या साठल्या होत्या, पण कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. बहुधा निम्मे त्याचेच विद्यार्थी असावेत. चौथ्या फेरीला फिलनं रस्त्याच्या पाटीकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. मॉसीचा डावा सिग्नल लागला. घरचा रस्ता मागे टाकून गाडी समुद्राच्या रस्त्याला वळली. निरोप त्यानं आधीच तीनदा घेतला होता, त्यामुळे मागे वळून पाहिलं नाही.